पानाच्या समासातला मजकूर : हेडर आणि फूटरचा इतिहास

१८८१ साली पेशावरजवळच्या बख्शाली गावात जमीन खणताना एका शेतकऱ्याला भूर्जपत्रावर लिहिलेली एक पोथी सापडली. लिपी शारदा, विषय गणित. आज तिची ७० पाने ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. या पोथीत शून्याच्या जागी टिंब वापरले आहे, म्हणून गणिताच्या इतिहासात तिला मोठे स्थान आहे. पण पाने सुटी आहेत आणि त्यांच्या कडा झडून गेल्या आहेत. कोणते पान कोणत्या पानानंतर येते, हे पानावर पाहून सांगता येत नाही. हर्नले यांनी पानांचा एक क्रम ठरवला, जी. आर. के यांनी तो बदलला आणि पुढे जपानी अभ्यासक ताकाओ हायाशी यांनी पुन्हा नव्याने मांडणी केली. २०१७ मध्ये तीन पानांची कार्बन-चाचणी झाली, तेव्हा तिन्ही पानांचे काळ वेगवेगळे निघाले. त्यांत काही शतकांचे अंतर होते. मग ही एक पोथी की अनेक पोथ्यांची पाने, असा प्रश्न उभा राहिला. चाचणीवरून काढलेले निष्कर्ष गणिताच्या काही इतिहासकारांना मान्य नाहीत आणि वाद अजून मिटलेला नाही.

प्रत्येक पानाच्या कडेला ग्रंथाचे नाव आणि क्रमांक शाबूत राहिला असता, तर यातला निम्मा वाद उद्भवलाच नसता. वर्ड प्रोसेसरमध्ये ‘इन्सर्ट’ या मेनूत जाऊन तुम्ही हेडर किंवा फूटर घालता, तेव्हा तुम्ही हेच जुने काम करत असता. ते काम कोणाकोणाच्या हातून होत आले आणि आज ते करताना इतका गोंधळ का उडतो, हे या पाठात पाहू.

आधी शब्दांविषयी एक खुलासा. मराठीत ‘तळटीप’ म्हणजे फुटनोट. एखाद्या वाक्याशी जोडलेली, त्या एकाच पानावर येणारी ती टीप असते. फूटर म्हणजे पानाच्या तळाशी दर पानावर पुन्हा पुन्हा येणारी ओळ. भाषांतरित मेनूंमध्ये कधी कधी दोन्हींना एकच शब्द वापरलेला दिसतो, म्हणून या पाठात हेडर आणि फूटर हेच शब्द ठेवले आहेत.

पोथीचा समास

तुमच्या घरात किंवा जवळच्या देवळात सुट्या पानांची पोथी असेल, तर ती समोर घेऊन हा भाग वाचा. उत्तर भारतात आणि महाराष्ट्रात लिहिलेल्या कागदी पोथ्यांत पानाच्या मागच्या बाजूला, डावीकडच्या समासात वरच्या अंगाला ग्रंथाचे नाव संक्षेपाने लिहिलेले आढळते. सिद्धान्तकौमुदी असेल तर ‘सि. कौ.’ अशा धर्तीने. त्याच्याखाली पानाचा क्रमांक. उजवीकडच्या समासात खालच्या कोपऱ्यात तोच क्रमांक पुन्हा, आणि त्याच्या जोडीला पुष्कळदा ‘राम’, ‘श्री’ किंवा ‘गुरु’ असा एखादा शब्द. नाव वर आणि क्रमांक खाली, ही रचना आजच्या वर्डमधल्या तयार नमुन्यांपेक्षा फार निराळी नाही.

क्रमांक दोनदा का लिहायचा? माझ्या मते याचे उत्तर व्यवहारात आहे. पोथीचे कोपरे झिजतात, कसर लागते, पाणी पडते. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांपैकी एक तरी वाचावा, अशी ही सोय असावी. गुजरातमधल्या जुन्या जैन ताडपत्र पोथ्यांत तर एका समासात अक्षरांनी दाखवलेले अंक आणि दुसऱ्या समासात साधे अंक अशी दुहेरी नोंद दिसते. दक्षिणेकडे मात्र क्रमांक पानाच्या पुढच्या बाजूवर घालण्याचा प्रघात होता. त्यामुळे पोथी कोणत्या प्रदेशातली, याचा अंदाज बांधताना अभ्यासक इतर खुणांबरोबर या खुणेचाही आधार घेतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पोथीचा क्रमांक ‘पृष्ठा’चा नसतो, ‘पत्रा’चा असतो. एका पत्राच्या दोन्ही बाजू मिळून एकच क्रमांक. सुट्या पानांच्या ग्रंथात हरवते ते पत्र, त्याची एक बाजू हरवत नाही, म्हणून मोजायचे तेही पत्रच.

ताडपत्रात भोक पाडून दोरी ओवत, कागदी पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधत. दोरी तुटली किंवा बासन सुटले की पुढचा सगळा भार समासातल्या त्या दोन-चार अक्षरांवर. अनेक पोथ्या एकत्र बांधलेल्या असत आणि अशा रुमालातून एकाच आकाराची, कधी एकाच हाताची पाने बाहेर पडत. तेव्हा नुसता ‘२७’ हा अंक पुरेसा नसे. कोणत्या ग्रंथाचे सत्तावीस, हेही कळावे लागे.

एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का असे. मजकूर इथे संपला, याच्याखाली कोणी काही वाढवू नये, हा त्याचा अर्थ. तोही तळाशीच येतो, पण तो फूटर नव्हे. तो दस्तऐवजाचा शेवट राखतो. फूटर प्रत्येक पानाला त्याची ओळख देतो. कागद खरा आहे का, आणि कागद कोणत्या जागेचा आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपला विषय दुसरा आहे.

छापखाना : एकदा जुळवा, पुन्हा वापरा

युरोपात ग्रंथ शिवलेले असत, त्यामुळे पाने सुटण्याची भीती कमी. तरी वाचणाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळावे म्हणून चौथ्या-पाचव्या शतकातल्या लॅटिन हस्तलिखितांतही पानाच्या माथ्यावर ग्रंथाचे नाव आढळते. गटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापले, तेव्हा मात्र पानावरची शीर्षके छापली नाहीत. ती नंतर हाताने लिहिली गेली. पृष्ठक्रमांक तर नव्हतेच. छापील पत्रक्रमांक आले ते १४७० मध्ये, कोलोन शहरात आर्नोल्ड थेरहोर्नेन याने छापलेल्या एका छोट्या प्रवचन-पुस्तिकेत. तेही पोथीसारखे पत्राचेच क्रमांक होते. पत्राच्या दोन्ही बाजूंना वेगळे क्रमांक देण्याचे एक प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण म्हणजे व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने १४९९ मध्ये काढलेला पेरोत्तीचा ‘कॉर्नुकोपिआए’ हा ग्रंथ. त्याला मोठी सूची होती आणि सूचीत जागा नेमकी सांगायची तर पत्र पुरत नव्हते. क्रमांक सुरुवातीला पाने सांभाळण्यासाठी होता, आता तो मजकूर शोधण्यासाठीही झाला.

छापखान्यात हेडरचे काम लेखनिकाकडून कंपोझिटरकडे गेले, आणि इथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. पानाचा मजकूर दर वेळी नव्या खिळ्यांनी जुळवावा लागतो, पण माथ्यावरचे ग्रंथनाम तर तेच राहते. मग ते सोडायचे कशाला? एक फर्मा छापून झाला की मजकुराचे खिळे काढून घेत, पण शीर्षकाची ओळ आणि भोवतालची मोकळी जागा भरणाऱ्या पट्ट्या तशाच उचलून पुढच्या फर्म्याला लावत. एकदा जुळवलेली ओळ पुस्तकभर फिरत राही. तिच्यातला एखादा मोडका खिळाही तिच्याबरोबर फिरे. विसाव्या शतकात फ्रेडसन बॉवर्ससारख्या ग्रंथशास्त्रज्ञांनी अशा मोडक्या खिळ्यांचा माग काढून जुनी पुस्तके कोणत्या क्रमाने छापली गेली, हे ठरवण्याची पद्धत बसवली.

पण पुन्हा वापरलेली ओळ बदलायची राहून गेली तर? तर जुनाच मजकूर किंवा जुनाच आकडा नव्या पानावर छापला जाई. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३चा संग्रह, ज्याला ‘फर्स्ट फोलिओ’ म्हणतात, त्यात हॅम्लेट नाटकाच्या मध्येच १५६ नंतर एकदम २५७ हे पृष्ठ येते. शंभर पाने गळलेली नाहीत, फक्त आकडा उडी मारून गेला आहे. त्याच ग्रंथात ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ या नाटकाच्या दोनच पृष्ठांवर ७९ आणि ८० हे क्रमांक आहेत, बाकी पृष्ठांना क्रमांकच नाहीत. अनुक्रमणिकेतही त्याचे नाव नाही. हे नाटक आधी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पाठोपाठ छापायला घेतले होते, काम थांबले, आणि शेवटी घाईने दुसरीकडे बसवले गेले. ही हकिकत कोणी लिहून ठेवलेली नाही. ती बरीचशी त्या दोन आकड्यांवरून कळली.

आपल्याकडे छपाई रुजली तेव्हा दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. शिवलेल्या पुस्तकांनी पाश्चात्त्य पद्धतीची पृष्ठे घेतली. धार्मिक पोथ्या मात्र मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतूनही आडव्या, सुट्या पानांत छापल्या जात राहिल्या, समासातल्या संक्षिप्त नावासह. टंकलेखन यंत्र आल्यावर हे काम टायपिस्टच्या बोटांवर आले. ओळी मोजायच्या, खाली जागा सोडायची, कागद बदलायचा, नवा आकडा मारायचा. मध्ये एक पान वाढले तर पुढची सगळी पाने पुन्हा टाइप करण्याऐवजी ‘१२-अ’, ‘१२-ब’ असे लिहायचे. सरकारी फायलींत असे क्रमांक आजही भेटतात.

पान आधी की मजकूर आधी

आतापर्यंत सगळीकडे पान डोळ्यांसमोर होते. लेखनिकासमोर पत्र होते, कंपोझिटरसमोर फर्मा, टायपिस्टसमोर कागद. संगणकाने ही अवस्था बदलली. तुम्ही टाइप करता तेव्हा मजकूर ही एक लांबलचक ओळ असते. तिची पाने कुठे तुटतील हे अक्षराचा आकार, समास आणि कागद ठरल्यावर कळते, आणि एक परिच्छेद वाढवला की सगळे बदलते. मग जे पान अजून अस्तित्वातच नाही, त्याच्या माथ्यावर काय लिहायचे?

१९६४ मध्ये एमआयटी या अमेरिकन संस्थेत जेरोम सॉल्टझर या विद्यार्थ्याने आपल्या पीएच.डी.च्या प्रस्तावासाठी ‘रनऑफ’ नावाचा कार्यक्रम लिहिला. त्यात टिंबाने सुरू होणारी ओळ ही मजकूर नसून आज्ञा असे. टिंब आणि ‘हेडर’ हा शब्द लिहून पुढे जे लिहाल, ते छापताना प्रत्येक पानाच्या माथ्यावर येई. इथे हेडर पहिल्यांदाच लिहिला न जाता सांगितला गेला. तुम्ही नियम द्यायचा, पाने पडतील तसतसा यंत्राने तो पाळायचा.

रनऑफचा वारसा बेल प्रयोगशाळेत ‘रॉफ’ या नावाने पुढे गेला. युनिक्स ही कार्यप्रणाली घडवणाऱ्या मंडळींना नवा संगणक हवा होता, आणि तो त्यांनी मजकूर-संपादनाची व्यवस्था करून देण्याच्या बोलीवर मिळवला. १९७१च्या उत्तरार्धात संस्थेच्या पेटंट विभागातल्या तीन टायपिस्ट दिवसभर त्यावर पेटंटचे अर्ज टाइप करत असत. संगणकाच्या इतिहासात युनिक्सचे नाव मोठे आहे, पण त्याचे पहिले खरे गिऱ्हाईक पाने नीट लावून मागणारे एक कार्यालय होते, हे सहसा सांगितले जात नाही. रॉफमध्ये हेडरचे तीन भाग करता येत, डावा, मधला आणि उजवा. टक्क्याचे चिन्ह घातले की त्या जागी पृष्ठक्रमांक येई. वर्डच्या हेडरमध्ये डावीकडे, मधोमध आणि उजवीकडे अशा ज्या तीन जागा दिसतात, ती मांडणी इतकी जुनी आहे.

पुढच्या ट्रॉफमध्ये जोसेफ ओसाना यांनी कल्पना आणखी साफ केली. त्यात पानावर ‘सापळे’ लावता येत. मजकूर ओतताना पानाच्या वरच्या कडेपासून किंवा तळापासून ठरावीक अंतरावर पोचलो की सापळा लागतो आणि सांगितलेले काम होते. हेडर आणि फूटर हे असे दोन सापळे.

तरी एक प्रश्न उरतो. छापील शब्दकोश उघडा. पानाच्या माथ्यावर त्या पानावरचा पहिला आणि शेवटचा शब्द असतो. हा हेडर पान पाडून झाल्याशिवाय ठरूच शकत नाही. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचली, तेव्हा यासाठी खुणा ठेवण्याची सोय केली. मजकुरात जागोजागी न दिसणारी खूण पेरायची आणि पान पक्के झाल्यावर यंत्राने त्यातली पहिली किंवा शेवटची खूण उचलून माथ्यावर लावायची. वर्डमध्ये ‘स्टाइलरेफ’ नावाचे फील्ड आहे, ते याच जातीचे. प्रकरणाचे नाव हेडरमध्ये आपोआप यावे असे वाटत असेल तर ते वापरून पाहा. फार थोडे विद्यार्थी ते वापरतात, आणि प्रकरणाचे नाव बदलल्यावर हेडर हाताने बदलत बसतात.

वर्डस्टार ते वर्ड

घरगुती संगणकांवर हे सगळे आणले १९७८च्या वर्डस्टारने. भारतात ऐंशीच्या दशकात संगणकाच्या वर्गांतून जो वर्ड प्रोसेसर शिकवला गेला तो हाच. इथेही टिंबाच्या आज्ञाच होत्या. टिंबापुढे ‘एचई’ म्हणजे हेडर, ‘एफओ’ म्हणजे फूटर, ‘ओपी’ म्हणजे पृष्ठक्रमांक नको. हेडर खरोखर कसा दिसतो हे कागद छापून बाहेर आल्यावरच कळे.

मायक्रोसॉफ्ट वर्ड १९८३ मध्ये आला आणि पडद्यावर पान जसे छापले जाईल तसे दाखवण्याची पद्धत पुढच्या दशकात सर्वत्र रुळली. टिंबाच्या आज्ञा अदृश्य झाल्या. सोय झाली, यात शंका नाही, पण नियम मात्र नाहीसा झाला नाही. तो नजरेआड गेला, आणि आजचा गोंधळ इथून सुरू होतो. पडद्यावर तुम्ही बाराव्या पानाच्या माथ्यावर दोनदा क्लिक करून काही खोडता, तर सगळ्या पानांवरचे खोडले जाते. तुम्हाला वाटते आपण बाराव्या पानावर काम करतो आहोत. प्रत्यक्षात तुम्ही नियम बदललेला असतो.

वर्डमध्ये हा नियम पानाचा नसतो, ‘सेक्शन’चा असतो. सेक्शन म्हणजे दस्तऐवजाचा एक खंड. एका खंडाला तीन प्रकारचे हेडर असू शकतात : पहिल्या पानासाठी वेगळा, सम पानांसाठी वेगळा आणि उरलेल्यांसाठी एक. नवा खंड सुरू केला की तो आधीच्या खंडाचा हेडर घेतो. कंपोझिटरने तीच ओळ उचलून पुढच्या फर्म्याला लावावी, तसेच. वेगळा हेडर हवा असेल तर ‘लिंक टू प्रीव्हियस’ हे बटण आधी बंद करावे लागते, आणि हेडर व फूटरसाठी ते वेगवेगळे बंद करावे लागते. ते राहून गेले की पहिल्या प्रकरणाचे नाव दुसऱ्या प्रकरणावर झळकते.

आणखी एक विचित्र गोष्ट तुम्ही अनुभवली असेल. खंड तोडणारी खूण, म्हणजे सेक्शन ब्रेक, चुकून पुसली गेली तर आधीच्या भागाचा हेडर जातो आणि नंतरच्या भागाचा हेडर त्यावर येतो. अपेक्षा उलटी असते. कारण असे की वर्ड खंडाची माहिती खंडाच्या सुरुवातीला न ठेवता शेवटच्या खुणेत ठेवतो. खूण गेली की तो मजकूर पुढच्या खंडात सामील होतो आणि पुढच्याचे नियम त्याला लागू होतात. हे एकदा कळले की अर्धी भीती जाते.

खात्री करायची असेल तर वर्डच्या एखाद्या फाइलची प्रत काढा, तिचे ‘डॉकेक्स’ हे शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत मुख्य मजकुराची एक फाइल दिसेल आणि शेजारी हेडर, फूटर अशा नावांच्या छोट्या स्वतंत्र फायली. मजकुराच्या फाइलमध्ये हेडरचे शब्द नसतात, फक्त कोणत्या खंडाला कोणती फाइल लावायची याचा निर्देश असतो. लिब्रेऑफिसने वेगळा मार्ग घेतला आहे. तिथे हेडर ‘पेज स्टाइल’चा, म्हणजे पानाच्या प्रकाराचा भाग असतो. मुखपृष्ठ हा एक प्रकार, प्रकरणाचे पहिले पान दुसरा, साधे पान तिसरा. शिकायला थोडा वेळ लागतो, पण मला ही मांडणी अधिक सरळ वाटते, कारण ‘हे पान कोणत्या जातीचे’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

प्रबंधाची पाने

आपल्या विद्यापीठांत प्रबंध किंवा प्रकल्प-अहवाल देताना सर्वसाधारण अपेक्षा अशी असते : मुखपृष्ठावर क्रमांक नको, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका यांना रोमन आकडे, पहिल्या प्रकरणापासून पुन्हा १. याचा अर्थ वर्डमध्ये किमान तीन खंड. प्रत्येक खंडाचा दुवा तोडायचा, दुसऱ्यात आकड्यांचा प्रकार बदलायचा, तिसऱ्यात ‘स्टार्ट अ‍ॅट’मध्ये १ घालायचा. क्रमांक हाताने टाइप करू नका, फील्ड घाला. हे सगळे शेवटच्या रात्री करण्याऐवजी पहिले प्रकरण लिहायला घेण्यापूर्वीच करून ठेवा, कारण अनुक्रमणिका याच आकड्यांवर उभी राहते.

हेडरमध्ये काय लिहावे, हा प्रश्न विद्यार्थी क्वचित विचारतात. बहुतेक जण महाविद्यालयाचे नाव किंवा बोधचिन्ह टाकून मोकळे होतात. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध जिथे ठेवले जातात त्या ‘शोधगंगा’ या संग्रहात एखादा प्रबंध उघडून पाहा. तो तुम्हाला सहसा एका फाइलमध्ये मिळत नाही. मुखपृष्ठाची एक पीडीएफ, अनुक्रमणिकेची दुसरी, मग प्रकरणागणिक एकेक. कोणी चौथे प्रकरण उतरवून घेतो, आपल्या संगणकावर साठवतो, फाइलचे नाव बदलतो, मित्राला पाठवतो. सहा महिन्यांनी त्या फाइलचे छापलेले एक पान कोणाच्या तरी टेबलावर पडलेले असते. त्या पानाच्या माथ्यावर प्रबंधाचे संक्षिप्त नाव आणि प्रकरण असेल आणि तळाशी सलग पृष्ठक्रमांक असेल, तर ते पान परत आपल्या जागी जाऊ शकते. नुसते बोधचिन्ह असेल तर ते त्या महाविद्यालयातल्या शेकडो प्रबंधांपैकी कशाचेही असू शकते.